तळघरातल्या नव्या बाथरूमचा वास दर आठवड्याला परत का येतो?

घर मध्य न्यू जर्सीतलं, १९२७ सालचं. वरच्या मजल्यावर एकच बाथरूम, कारण त्या काळी एका कुटुंबाला तेवढं पुरायचं. आई-बाबा सांगलीहून सहा महिन्यांसाठी आले की सकाळी त्या दाराबाहेर चाळीतल्यासारखी रांग लागायची. म्हणून तळघरात कमोड, बेसिन आणि शॉवर असं छोटं बाथरूम काढलं. काम रीतसर परवानगी काढून झालं, फरशी चकचकीत बसली, आणि तिसऱ्या आठवड्यात आईनं जेवताना शांतपणे विचारलं, "खाली काही मेलंय का रे?"

तिथून पुढे जवळजवळ दीड वर्ष हा वास जात होता आणि येत होता. जुन्या घराच्या तळघरात बाथरूम काढलेल्या बऱ्याच ओळखीच्यांकडे थोड्याफार फरकानं हेच ऐकलं, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. माझ्याकडे शेवटी एक नाही, तीन वेगवेगळी कारणं निघाली आणि तिन्ही व्हेंटची, म्हणजे ड्रेनमध्ये हवा खेळती ठेवणाऱ्या पाइपाची, होती. वास मात्र तिघांचा एकच.

आधी जे केलं आणि जे फुकट गेलं

शॉवरच्या जाळीत बादलीभर पाणी ओतलं. वास गेला. चार दिवसांनी परत आला. कमोड उचलून खालची मेणाची रिंग बदलली. वास गेला, आठवड्यानं आला. जाळीत बेकिंग सोडा आणि व्हिनेगर घातलं, वर उकळतं पाणी. वास गेला, परत आला. कंत्राटदारानं येऊन बेसिनखाली एक छोटा, एकाच दिशेनं हवा आत घेणारा व्हॉल्व्ह बसवून दिला आणि "आता होणार नाही" म्हणाला. तीन दिवस झालं नाही.

यातली गंमत कळायला मला फार वेळ लागला. प्रत्येक उपायात कुठे ना कुठे जाळीत पाणी पडत होतं. मेणाची रिंग बदलली तेव्हा फरशी धुतली, सोडा घातला तेव्हा वर पाणी ओतलं, व्हॉल्व्ह बसवला तेव्हा बेसिन आणि शॉवर दोन्ही सोडून बघितले. ट्रॅप, म्हणजे जाळीखालचा पाणी धरून ठेवणारा वाकडा पाईप, भरला की वास थांबणारच. त्याचं श्रेय मी दर वेळी त्या दिवशीच्या उपायाला देत होतो. प्रश्न ट्रॅप भरायचा नव्हताच. भरलेला ट्रॅप रिकामा कोण करतंय, हा होता.

कोणाचा शॉवर महिनोन् महिने वापरात नसेल तर गोष्ट वेगळी. तिथे पाणी नुसतं वाळून जातं, आणि आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी टाकणं हा पूर्ण उपाय आहे. आमच्याकडे शॉवर रोज वापरात होता, त्यामुळे वाळण्याचा प्रश्न नव्हता.

पाणी खाली जातंय की वर उसळतंय?

इथून पुढची सगळी तपासणी या एका प्रश्नावर उभी आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

प्रत्येक जाळीखाली, बेसिनखाली आणि कमोडच्या आत वाकडा पाईप असतो, त्यात दोन ते चार इंच पाणी कायम उभं राहतं. गटाराचा वायू आणि तुमचं घर यांच्यामध्ये एवढाच पडदा. दोन इंच पाण्याचा दाब म्हणजे वातावरणाच्या दाबाचा साधारण दोनशेवा हिस्सा. पाइपातल्या हवेत तेवढा फरक पडला की पडदा फाटतो.

तो फरक पाडतं पडणारं पाणी. वरच्या मजल्यावर फ्लश केला की पाण्याचा लोंढा उभ्या पाइपातून पिचकारीच्या दट्ट्यासारखा उतरतो. पुढची हवा ढकलतो, मागची ओढतो. ढकललेल्या हवेला बाहेर जायला वाट हवी आणि ओढलेल्या जागी नवी हवा यायला वाट हवी. ती वाट म्हणजे व्हेंट पाईप. व्हेंट वास बाहेर सोडण्यासाठी असतो असंच बहुतेकांना वाटतं, मलाही वाटायचं. वास बाहेर जातो हे खरंच, पण त्याचं मुख्य काम ट्रॅपमधलं पाणी जागेवर ठेवणं.

लहानपणी गिरगावात मावशीच्या चाळीच्या मागच्या भिंतीवर बिडाचे तीन-तीन पाईप छपरापर्यंत गेलेले दिसायचे, डोक्यावर जाळीची टोपी. त्यातला एक निव्वळ हवेचा. आम्ही पोरं त्याला "रिकामा पाईप" म्हणायचो. तो रिकामा होता म्हणूनच बाकीचे दोन नीट चालत होते.

तर तपासणी अशी. उदबत्तीची जुनी काडी घ्या, मसाला खरवडून टाका, पेन्सिलीनं पाव-पाव इंचाच्या खुणा करा. शॉवरची जाळी काढून काडी ट्रॅपमध्ये उभी धरा आणि पाणी कुठपर्यंत आहे ते टिपून ठेवा. कमोडमध्ये पाण्याच्या रेषेवर बाहेरून दिसेल अशी मार्करची खूण करा. मग घरातली एकेक गोष्ट सोडा आणि प्रत्येक वेळी खाली येऊन बघा: वरचा फ्लश, वरचा टब, काठोकाठ भरलेलं स्वयंपाकघरातलं सिंक, धुण्याचं मशीन, डिशवॉशर. दोन माणसं हवीत. एकानं वर सोडायचं आणि एकानं खाली बघायचं, कारण खरी गोष्ट त्या पाच-सात सेकंदांत घडते. वर बाबा आणि खाली मी, मध्ये फोन. बाबा निवृत्त शिक्षक, त्यांनी लगेच वहीत रकाने आखले.

नाकावर मात्र भरवसा नको. गटाराच्या वायूतल्या हायड्रोजन सल्फाइडला नाक थोड्याच वेळात सरावतं. तुम्ही तळघरात अर्धा तास काम करत असाल तर "वास गेला" असं तुम्हाला वाटेल आणि जिन्यावरून उतरणारा माणूस नाक मुरडेल.

दोन दिवसांत वहीत हे आलं. वरचा फ्लश केला की तळघरातल्या कमोडचं पाणी वर उसळतं, एक मोठा बुडबुडा फुटतो. स्वयंपाकघराचं सिंक सोडलं की शॉवरमधून गडगड आवाज आणि काडीवर अर्धा इंच पाणी कमी. धुण्याच्या मशीननं पाव इंच. वरच्या टबनं काहीच नाही.

म्हणजे एके ठिकाणी हवा ढकलली जात होती आणि दुसऱ्या ठिकाणी ओढली जात होती. एकच रोग मानून औषध देत होतो हीच चूक होती. कंत्राटदारानं बसवलेला व्हॉल्व्ह का चालला नाही तेही इथेच कळलं. तो पाइपात ओढ बसली की उघडून हवा आत घेतो आणि आतून दाब आला की मिटतो. मिटलाच पाहिजे, नाहीतर वास तिथूनच येईल. म्हणजे वर उसळणाऱ्या बुडबुड्यापुढे त्याचा काडीचा उपयोग नाही. शिवाय असे व्हॉल्व्ह लावले तरी घराचा निदान एक व्हेंट उघड्या हवेत जावाच लागतो. ते कुठे चालतात आणि कुठे नाही हे राज्याच्या नियमांवर असतं. न्यू जर्सीत नॅशनल स्टँडर्ड प्लंबिंग कोड आहे, इतर बऱ्याच राज्यांत इंटरनॅशनल, कॅलिफोर्नियाकडे युनिफॉर्म. विकत घेण्याआधी गावाच्या कचेरीत एक फोन करावा.

ओढ: व्हेंट म्हणून जोडलेला पाईप व्हेंट नव्हताच

इथे मावसभाऊ कामी आला. तो डोंबिवलीत नळकामाची कंत्राटं घेतो. मी त्याला व्हिडिओ कॉलवर तळघराचं छत दाखवलं. नवीन बाथरूमचा दोन इंची पीव्हीसी व्हेंट छताच्या कडेनं जाऊन भिंतीतल्या जुन्या जी.आय. (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपाला जोडलेला. तो पाईप वर जातो, छपरावर त्याचं टोक दिसतं, खाली त्यात धुण्याच्या मशीनचं पाणी सोडलेलं. कंत्राटदारानं धरून चाललं की मशीनच्या जोडाच्या वरचा भाग म्हणजे कोरडा व्हेंट.

"त्या पाइपावर हात ठेव," मावसभाऊ म्हणाला, "आणि वहिनींना वर सिंकमधून गरम पाणी सोडायला सांग."

पाईप गरम झाला. हातात धरवेना इतका.

व्हेंट गरम होत नाही, त्यातून पाणी जातच नाही. हा स्वयंपाकघराच्या सिंकचा निचरा होता. तो एक मजला वर भिंतीच्या आत त्याच पाइपाला मिळत होता आणि व्हेंट त्या जोडाच्या वर सुरू होत होता. म्हणजे माझ्या बाथरूमनं ज्या पाइपातून श्वास घ्यायचा, त्यातून दिवसातून तीन वेळा भांड्यांचं पाणी उतरत होतं, आणि जाताना शॉवरचा ट्रॅप ओढून नेत होतं.

जुन्या घरात ही चूक सहज होते, कारण भिंतीत काय आहे ते कोणालाच माहीत नसतं आणि शंभर वर्षांत चार मालकांनी चार गोष्टी जोडलेल्या असतात. परवानगीच्या वेळी पाईप पाण्यानं भरून चाचणी झाली होती, पास झाली होती. पण ती चाचणी सांधे गळतात का एवढंच सांगते. पाईप चुकीच्या जागी जोडलाय हे ती सांगत नाही. तुमच्याकडे फरशी बसायच्या आधी, भिंत उघडी असताना, घरातली प्रत्येक तोटी एकेक करून गरम पाण्यानं सोडा आणि व्हेंटवर हात ठेवून बसा. पाच मिनिटांचं काम आहे. माझी भिंत पुन्हा फोडावी लागली.

दुरुस्तीचा नियम सोपा आहे. नवा व्हेंट जुन्या व्हेंटला जोडायचा तर त्या पाइपावरच्या सगळ्यात वरच्या बेसिन किंवा सिंकच्या काठापेक्षा निदान सहा इंच वर जोडायचा. इकडे ओटा ३६ इंच उंच असतो, म्हणजे स्वयंपाकघराच्या जमिनीपासून ४२ इंचांवर. त्याखाली जोडलात आणि उद्या सिंक तुंबलं, तर खरकटं पाणी व्हेंटमध्ये शिरेल आणि तुम्हाला कळणारही नाही. आडवा व्हेंटही त्या उंचीच्या खाली नको, आणि तळघराच्या छतातून न्यावाच लागला तर त्याला निचऱ्याकडे उतार हवा. माझ्या पीव्हीसीला मध्ये झोळ होता. कापल्यावर त्यातून लोटाभर पाणी आलं, म्हणजे तो अर्धा बंदच होता.

आमचं घर त्या काळच्या पद्धतीचं आहे, बाहेरच्या भिंतीतले लाकडी खांब तळघरापासून माळ्यापर्यंत सलग, मध्ये आडकाठी नाही. आग लागली तर ही रचना धुराड्यासारखी वागते, पण पाईप चढवायला वरदान. सिंकमागच्या भिंतीत एक पट्टा उघडला, नवा दोन इंची पाईप तळघरातून सरळ वर चढवला, ४२ इंचांच्या वर जुन्या व्हेंटच्या जागी नवी वाय (इंग्रजी Y आकाराचा जोड) बसवली. वरच्या मजल्यावरचं काही त्या पाइपात पडत नाही ना, हे आधी पुन्हा गरम पाण्यानं तपासलं. शेवटी मजल्याच्या पातळीवर आगीची आडकाठी म्हणून फळी आणि सीलंट भरलं. हे विसरू नका.

भिंत फोडण्याआधी दोन गोष्टी बघा. १९७८ च्या आधीच्या अमेरिकन घरात रंगात शिसं असू शकतं. आणि तळघरात नऊ इंची चौकोनी जुन्या टाइल्स किंवा पाइपांवर पांढरं कापडासारखं वेष्टण दिसलं तर ॲस्बेस्टॉसची तपासणी करून घ्या. आमच्याकडे टाइल्समध्ये निघालं. कोपऱ्यातला तेवढा भाग हात न लावता तसाच झाकून ठेवला.

बिडाचा उभा पाईप कापायचा असेल तर आधी वरच्या भागाला क्लॅम्पनं आधार द्या. शिसं ओतून केलेले ते सांधे आणि मजलाभर बीड यांचं वजन प्रचंड असतं. खालून आधार काढला आणि वरचं सगळं खाली बसलं, हे ऐकलेलं आहे, पाहायची इच्छा नाही.

दाब: दारासमोरच्या फुलझाडांखाली काय होतं

ओढ थांबली. सिंक सोडलं तरी काडीवरचं पाणी हलेना. पण वरच्या फ्लशनं कमोडमधला बुडबुडा तसाच.

न्यू जर्सी-न्यू यॉर्ककडच्या जुन्या घरांत एक गोष्ट सापडते जी नव्या घरांत नसते. मुख्य ड्रेन लाईन घराबाहेर पडते तिथे, पुढच्या भिंतीलगत, जमिनीत एक मोठा यू आकाराचा ट्रॅप असतो. अख्ख्या घराचा एकच. रस्त्याच्या गटाराचा वायू आणि उंदीर घरात येऊ नयेत म्हणून. मुंबईतल्या जुन्या इमारतींत शेवटच्या चेंबरमध्ये असतो त्या इंटरसेप्टिंग ट्रॅपचा हा भाऊ. आमच्या तळघरात रंगाचे जुने डबे ठेवायच्या फळीखाली जमिनीत पितळेची दोन झाकणं शेजारी शेजारी होती. चार वर्षं मी त्यांवर पाय ठेवून डबे काढत होतो.

आता विचार करा. वरून लोंढा येतो, पुढची हवा ढकलतो. हवा मुख्य लाईनमधून रस्त्याकडे निघते आणि या ट्रॅपच्या पाण्यावर आपटते. पुढे वाट नाही. मग सगळ्यात जवळचं, सगळ्यात खालचं भोक कोणतं? माझा नवा कमोड. बाथरूम नव्हतं तोवर या दाबाचं कोणाला काही कळत नव्हतं.

त्या काळच्या लोकांना हे ठाऊक होतं. म्हणून ट्रॅपच्या घराकडच्या बाजूनं एक पाईप काढून अंगणात उघडा सोडलेला असतो, ताजी हवा आत घेण्यासाठी. छत्रीच्या टोपीसारखं किंवा भिंतीतल्या जाळीसारखं त्याचं तोंड असतं. एरवी हवा तिथून आत शिरते आणि छपरातून बाहेर जाते, आणि लोंढा आला की ढकललेली हवा तिथूनच सुटते.

आमच्याकडे तसं काही दिसत नव्हतं. पहिल्या झाकणाजवळून निघालेला पाईप भिंतीत शिरताना मात्र दिसत होता. टेप लावून अंतर मोजलं, बाहेर तेवढ्याच अंतरावर खणलं. आधीच्या मालकिणीनं मोठ्या हौशीनं लावलेल्या होस्टाच्या झाडांखाली, पाच-सहा इंच लाकडी भुशाच्या थराखाली, पाइपाचं तोंड सापडलं. त्यावर रबरी टोपी घालून पट्टा आवळलेला. बहुधा कधीतरी पुढच्या दारात वास आला असणार आणि कुणीतरी सोपा उपाय केला असणार.

टोपी काढली, आतली माती आणि मुंग्यांचं वारूळ काढलं, पाईप जमिनीच्या फूटभर वर आणून त्याला जाळीची टोपी बसवली. टिश्यूची एक पट्टी तोंडापाशी धरली तर ती आत ओढली जात होती. उदबत्तीचा धूर लावून बघायचा मोह होईल, पण गटाराच्या वायूत मिथेनही असतो, त्यामुळे पेटती वस्तू कुठल्याच ड्रेनच्या तोंडाशी नको. बाबांनी वरून फ्लश केला. पट्टी फडकन बाहेर उडाली, खाली कमोडचं पाणी जेमतेम थरथरलं.

हा ट्रॅप काढूनच टाका असं बरेच प्लंबर सांगतात, त्यात केस आणि ग्रीस अडकतात हे खरं आहे. काही गावं परवानगी देतात, काही देत नाहीत. मी काढला नाही. जुन्या बिडाच्या भागाला हात लावला की त्याच्या शेजारचा भाग मोडतो, हा अनुभव एकदा घेतलाय.

अजून एक चूक आहे जी आता दुरुस्त करायची माझी तयारी नाही. नव्या बाथरूमची लाईन उभ्या पाइपाच्या पायथ्यापासून जेमतेम दोन फुटांवर मुख्य लाईनला जोडली आहे. पायथ्याशी पाणी उभ्याचं आडवं होताना उसळतं आणि दाब सगळ्यात जास्त तिथेच असतो. म्हणून नवी लाईन पाइपाच्या व्यासाच्या दहापट तरी पुढे जोडावी लागते, चार इंची पाइपाला ४० इंच. तुमचं काँक्रीट अजून फोडायचं असेल तर हे अंतर टेपनं स्वतः मोजा. माझं फोडून, भरून, वर फरशी लागून झालंय. घरात पाहुणे असले आणि वरचा फ्लश आणि टब एकदम गेले की अजूनही एक छोटा बुडबुडा येतो. पाणी जागेवर राहतं, म्हणून सोडून दिलं.

जानेवारीत परत आला

ऑक्टोबरपासून तीन महिने शांतता. जानेवारीत कडाक्याची थंडी पडली, आणि एका सकाळी सिंक सोडल्यावर शॉवरनं तोच ओळखीचा गळा काढला. काडी काढली तर पाव इंच पाणी कमी. दुपारी बघितलं तर सगळं ठीक. दुसऱ्या दिवशी सकाळी परत.

सकाळी होतं आणि दुपारी होत नाही, हीच खूण. ड्रेनमधून वर येणारी हवा उबदार आणि दमट असते. छपरावर थंडीत उघड्या असलेल्या पाइपाच्या तोंडाशी ती गोठते आणि आतून बर्फाचा थर चढत जातो. ऊन आलं की वितळतो. मी भिंतीत नवा दोन इंची पाईप घातला होता, पण माळ्यावरून छपराबाहेर जाणारा शेवटचा तुकडा जुना दीड इंची जी.आय. तसाच ठेवला होता, पैसे वाचवायला. आतून गंजलेला, म्हणजे खरी मोकळी जागा इंचभर असेल-नसेल. अंगणातून दुर्बिणीनं बघितलं तर तोंडाशी पांढरी कडी दिसत होती.

थंडीच्या भागात छपराबाहेरचा व्हेंट निदान तीन इंची करतात तो यासाठीच. पाईप छपराच्या आत, फूटभर आधीच मोठा करायचा, म्हणजे अरुंद भाग माळ्याच्या उबेत राहतो. मार्चमध्ये करून घेतलं. मधले दोन महिने मी रोज सकाळी शॉवरमध्ये तांब्याभर पाणी ओतत होतो. छपरावर बर्फात चढून पाइपात गरम पाणी ओतायचा विचार आला होता, बायकोनं शिडीला कुलूप घातलं.

अजून बाथरूम काढायचंय त्यांच्यासाठी थोडं

एकाच व्हेंटवर अख्खं बाथरूम चालू शकतं. बेसिनचा निचरा दोन इंची घ्यायचा, त्याच्या वर व्हेंट सरळ चढवायचा, आणि शॉवर आणि कमोड त्याच लाईनला पुढे जोडायचे, कमोड सगळ्यात शेवटी. बेसिनचं थोडं पाणी आणि बाकीच्यांची हवा एकाच पाइपातून जाते. काँक्रीटखाली कमी पाईप, कमी सांधे.

शॉवरचा ट्रॅप आणि व्हेंट यांच्यात अंतर किती, याला एक साधं गणित आहे. पाइपाला फुटामागे पाव इंच उतार. ट्रॅपपासून व्हेंटपर्यंतचा एकूण उतार पाइपाच्या व्यासापेक्षा जास्त झाला तर व्हेंटचं तोंड ट्रॅपमधल्या पाण्याच्या पातळीखाली जातं आणि ट्रॅप स्वतःच स्वतःला ओढून घेतो. दोन इंची पाइपाला म्हणजे आठ फूट, दीड इंचीला सहा. काही राज्यांचे नियम याहून कडक आहेत. "उतार जास्त दिला तर पाणी लवकर जाईल" हा भारतातून आणलेला विचार इथे उलटतो, माझाही उलटला असता.

तुमची मुख्य लाईन तळघराच्या जमिनीखाली नसून भिंतीवर छातीच्या उंचीला लटकत बाहेर जात असेल, तर उतारानं काही जाणार नाही, जमिनीत खड्डा आणि पंप लागेल. त्या खड्ड्याचं झाकण हवाबंद हवं आणि त्याला स्वतःचा व्हेंट हवा, सहसा दोन इंची. पंप चालू झाला की आतली पातळी झपाट्यानं खाली येते, हवा आत यावी लागते, आणि खड्डा भरताना तीच हवा बाहेर जावी लागते. म्हणून बेसिनखालचा तो छोटा व्हॉल्व्ह इथे चालत नाही. कोणी बसवून देत असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

आणि रस्त्याच्या मॅनहोलपेक्षा तुमचं बाथरूम खाली असेल, तर उलट्या दिशेनं येणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह काँक्रीट ओतायच्या आधीच टाका. १ सप्टेंबर २०२१ ला आयडा वादळाचं उरलेलं पाणी न्यू जर्सीवर कोसळलं तेव्हा किती तळघरं बुडाली ते इथे राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. आमच्याकडे तेव्हा तळघरात बाथरूम नव्हतं, म्हणून फक्त बॅगा भिजल्या. व्हॉल्व्ह मात्र असा बसवायला हवा की वर झाकण ठेवून तो वर्षातून एकदा साफ करता येईल. फरशीखाली गाडून टाकलेला व्हॉल्व्ह केसांनी अर्धा उघडा राहतो आणि मग काहीच अडवत नाही.

बाबांची वही तळघरातल्या फळीवर आहे, त्यात उदबत्तीची काडी खूण म्हणून घातलेली. शेवटची नोंद २४ मार्चची, त्यांच्या अक्षरात: सिंक, शून्य. मशीन, शून्य. फ्लश, थरथर.